हरळी मारायचं काम

सरकारी नोकरी सोडून मी गवताच्या धंद्यात पडले, हे आमच्या नातेवाइकांत अजून कुणाला धड सांगता येत नाही. पुण्याची वहिनी फोनवर विचारते, वन्सं, तुम्ही नक्की काय करता हो? मी म्हणते, लोकांची लॉन सांभाळते. म्हणजे माळीकाम? माळीकाम नव्हे गं बाई, लॉन-केअर, कंपनीची फ्रँचायझी घेतलीय, अख्खा झाशी जिल्हा माझ्याकडे आहे. यावर ती "अय्या, हो?" म्हणते आणि बाबांची चौकशी सुरू करते. तिचं तरी काय चुकलं? मलाच सांगताना दुसऱ्या कुणाबद्दल तरी बोलतेय असं वाटतं.

त्याआधी मी पेन्शनच्या खिडकीत बसायचे. नोव्हेंबर आला की जिवंत असल्याचा दाखला द्यायला म्हातारीकोतारी माणसं रांग लावायची. कुणी गरौठ्याहून बसनं यायचं, कुणी मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून. जन्मभर माती उकरून अंगठे इतके गुळगुळीत झालेले असायचे की मशीनवर उठायचेच नाहीत. मी त्यांचा अंगठा माझ्या रुमालानं पुसायचे, जरा ओलसर करायचे, पुन्हा लावायला सांगायचे. खेकसायचेही भरपूर, खोटं कशाला बोलू? पण माझ्या खिडकीवरून कुणी रिकाम्या हातानं परत गेलं नाही. आत कुणाची फाईल अडली की मी तडक साहेबाच्या खोलीत जायचे आणि सही घेऊनच बाहेर यायचे. तेव्हा रुबाब होता हो. रस्त्यात लोक थांबून मॅडमजी म्हणून नमस्कार करायचे.

ती नोकरी मी बाबांसाठी सोडली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

बाबा मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची पोस्टिंग झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत होती आणि मग गावाकडं परत जायचं राहूनच गेलं. झाशीत ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत भाड्याचं घर होतं, तिथंच मी लहानाची मोठी झाले. आई गेल्यावर त्यांना मी माझ्या घरी आणलं. मुलीकडं राहायचं म्हणून आधी कुरकुर केली, मग रुळले. आणि रुळले म्हणेपर्यंत विसरायला लागले. आधी चष्मा, मग गल्ली, मग नातवाचं नाव. आई गेलीय हेसुद्धा विसरले. ती बाजारात गेलीय असं समजून दुपारी तिचं ताट झाकून ठेवायला सांगतात. मी झाकून ठेवते, दुसरं काय करणार?

मधे एकदा भावानं हौसेनं पुण्याला नेलं होतं. तिथं लिफ्टमध्ये शिरून रडायला लागले, रात्रभर दारं वाजवत फिरले. आठवड्याच्या आत भाऊ परत घेऊन आला. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं, यांची जागा बदलू नका, आणि जे रोज करतात ते करू द्या, तेवढ्यावरच ते टिकून आहेत.

रोज काय करायचे, तर दूर्वा खुडायचे. आमच्या घरासमोर कॉलनीची बाग आहे. बाग म्हणजे अर्धी माती आणि अर्धी हरळी, इकडं तिला दूब म्हणतात. सकाळचा चहा झाला की बाबा पितळेची वाटी घेऊन निघायचे, रस्ता ओलांडून बागेत उकिडवे बसायचे आणि तीन पानांचा शेंडा बघून बघून खुडायचे. एकवीस दूर्वांची जुडी दोऱ्यानं बांधून गणपतीला वाहायची, की झालं. स्वतःची जन्मतारीख आठवत नव्हती, पण तीन पानांचा शेंडा बोटांना बरोबर सापडायचा आणि मोजदाद कधी चुकायची नाही. जुडी वाहिली की दिवसभर माणूस शांत. जेवायचे, झोपायचे, माझ्याशी चार शब्द नीट बोलायचे. ज्या दिवशी जाता आलं नाही, त्या दिवशी "ड्यूटी राहिली, ड्यूटी राहिली" करत घरभर येरझाऱ्या. मग घासभर अन्न पोटात नाही, मला ओळखणं नाही, फाटक उघडून बबीन्याला निघायची घाई. त्या जुडीवर बाबा उभे होते, आणि बाबांवर आमचं घर.

अशात माझी बदलीची ऑर्डर आली, थेट बलियाला, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मी अर्ज केले, डॉक्टरांची कागदं जोडली, साहेबांपुढं हात जोडले. दुसऱ्यांच्या फायलींसाठी भांडणारी मी, स्वतःच्या फाईलपुढं तोंड उघडेना. साहेब म्हणाले, घरोघरी म्हातारे आहेत, मॅडम. त्यांचंही खरंच होतं. बाबांना बलियाला नेणं शक्य नव्हतं आणि इथं सोडून जाणं त्याहून शक्य नव्हतं. मी राजीनाम्यावर सही केली आणि घरी येऊन भाजी चिरायला बसले.

फ्रँचायझीची कल्पना आमच्या ह्यांची. हे इंजिनीअरिंगच्या सरकारी कंपनीत. त्यांच्या टाउनशिपमध्ये हिरवळीचं फार कौतुक, त्यामुळे त्यांना वाटलं की सगळ्या झाशीला हिरवळीचं वेड आहे. मी नोएडाला ट्रेनिंगला गेले तर वर्गात सगळी माझ्या मुलाच्या वयाची पोरं. परत येताना हिरवा टी-शर्ट, हिरवी टोपी, मशीन आणि फोनमध्ये एक ॲप. कोणत्या लॉनवर कोणत्या दिवशी काय करायचं ते ॲप सांगणार, आपण करायचं आणि फोटो टाकायचा. मला ते फार पटलं. वरून आदेश येणार आणि आपण पाळायचा, उभा जन्म दुसरं केलं काय होतं?

सुरुवातीला लोक हसले. गरौठ्याकडच्या एका शेतकऱ्यानं झाशीत बंगला बांधला होता, त्याच्याकडं गेले तर तो म्हणाला, बहनजी, पहले घास निकालने के पैसे, फिर घास लगाने के पैसे? त्यालाच हसू आवरेना. मग बिजौलीच्या एका कारखान्यानं गेटासमोरचा तुकडा दिला, एका डॉक्टरांनी बंगला दिला, आणि गाडी हळूहळू रांगायला लागली.

आणि मग आमच्या कॉलनीच्या कमिटीनं बाग करायला काढली. बाग कशी गुरगावसारखी दिसली पाहिजे, पोरांनी फोटो काढले पाहिजेत. सेक्रेटरी स्वतः घरी आले आणि म्हणाले, घरकी बात है भाभीजी, तुम्हीच करा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! काम घरासमोर, बाबा डोळ्यांपुढं, आणखी काय पाहिजे माणसाला? मी लगेच होकार दिला, कंपनीनं करार पाठवला, मी सही केली. दुसऱ्या दिवशी ॲपवर कामाचा कार्यक्रम आला. पहिलंच कलम होतं, जागेवरची सगळी दूब तणनाशक मारून संपवणे. दूब मुळापासून परत फुटते म्हणून फवारणी दोनदा. त्यानंतर कार्पेट गवताच्या लाद्या बसवणे.

हे मी वाचलं तेव्हा बाबा माझ्या शेजारी बसून जुडीला दोरा गुंडाळत होते. दूब म्हणजे हरळी, हरळी म्हणजे दूर्वा, हे काय मला माहीत नव्हतं? पण सही करताना डोक्यात लॉन होती. बाबांच्या दूर्वा आणि माझी लॉन एकाच मातीत आहेत, हे डोक्यात आलंच नाही. अक्कल गहाण पडते म्हणतात ती अशी.

मी सेक्रेटरींकडं गेले आणि सगळं खरं सांगितलं. माणूस भला. म्हणाले, एक कोना छोड दीजिए भाभीजी, नळाजवळचा, किसको दिखता है? इतकं सोपं होतं बघा. नळाजवळचा हातभर तुकडा सोडायचा आणि गप्प बसायचं. दुसरी कुणी असती तर तिनं हेच केलं असतं आणि आज बाबा तिथं बसलेले दिसले असते. पण आम्ही पडलो सरकारी माणसं. रात्री जेवताना ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, तोंडी कशाला, वरून लेखी मंजुरी घे, उद्या कुणी बोट दाखवायला नको. आणि मलाही ते शंभर टक्के बरोबर वाटलं! विना मंजुरी काम मी जन्मात केलेलं नाही. मी कंपनीला सविस्तर विनंती पाठवली. वडिलांचं वय, आजार, धार्मिक भावना, कोपऱ्याचा फोटो, कुंपण घालू असं आश्वासन. असा नमुनेदार मसुदा माझ्या हातून नोकरीतही उतरला नव्हता.

उत्तर दोन दिवसांत आलं. परवानगी नाही. कोपऱ्यातली दूब महिन्याभरात कार्पेट गवतात पसरेल, त्यामुळे जागा पूर्ण साफ हवी, आणि नळाजवळच्या कोपऱ्याचे फोटो वेगळे पाठवावेत. जो कोपरा कुणाला दिसला नसता, तो मी बोट धरून त्यांना दाखवला होता. कुणी सांगितलं होतं मला विचारायला? कप्पाळ माझं! ह्यांच्याशी मी चार दिवस बोलले नाही. मग बोलायला लागले, कारण त्यांचा काय दोष, मीच तशी.

काम सोडायचाही विचार केला. पण करार मोडला की फ्रँचायझी जाणार, नोकरी तर आधीच गेलेली, आणि कंपनी ग्वाल्हेरच्या फ्रँचायझीवाल्याला पाठवून फवारणी करून घेणारच. मी नाही मारली तर तो मारणार. हरळी काही वाचत नव्हती.

मग मी दुसरे मार्ग काढले. बागेतलीच हरळी मातीसकट उचलून दोन कुंड्यांत लावली आणि कुंड्या व्हरांड्यात ठेवल्या. बाबांनी बघितलं, "छान आहे," म्हणाले आणि वाटी घेऊन बागेकडं निघाले. बाजारातून जुडी आणली तर म्हणाले, "विकतच्या दूर्वा? आपल्याला काय हात नाहीत?" स्कूटरवर बसवून टाउनशिपच्या मागच्या माळावर नेलं, तिथं तर हरळीच हरळी. पण अनोळखी जागा बघून त्यांनी माझा पदर घट्ट धरला आणि घरी चल, घरी चल म्हणत राहिले. त्यांना तीच जागा हवी होती, घरासमोरची.

होळी झाली आणि पहिली फवारणी मी माझ्या हातानं केली. परक्याकडून नको वाटलं. चारी बाजूंनी लाल पट्टी बांधली, औषध मारल्याच्या पाट्या लावल्या. आणि या औषधाचा वाईट गुण असा की गवत लगेच मरत नाही. आठवडाभर हिरवंगार दिसत राहतं, आतून मेलेलं असतं. बाबांना काय कळणार? दुसऱ्याच दिवशी माझी अंघोळ होईपर्यंत ते पट्टीखालून वाकून आत गेले होते आणि उकिडवे बसून मोजत होते. मी ओल्या केसांनी तशीच धावले आणि त्यांच्या हातातनं जुडी हिसकावून घेतली. बापाच्या हातातनं दूर्वा हिसकावल्या मी. अंगणातल्या नळावर नेऊन साबणानं त्यांचे हात घासले, पुन्हा घासले. ते गुमान हात पुढं करून उभे राहिले. त्यांनी विचारलं असतं, ओरडले असते, तरी मला बरं वाटलं असतं.

मग घर म्हणजे तुरुंग झालं. फाटकाला कुलूप, दाराला कडी. बाबा सकाळी वाटी घेऊन दाराशी उभे राहायचे, मग येरझाऱ्या, मग दुपारपर्यंत माझ्याकडं परक्यासारखं बघणं. वजन उतरलं. रोज संध्याकाळी मी त्यांना हाताला धरून पट्टीपर्यंत नेऊन आणायचे, तेवढाच वारा. एका संध्याकाळी हरळी पिवळी पडलेली त्यांना दिसली. म्हणाले, "पाणी घालत नाही वाटतं कुणी." घरी आले आणि तांब्या भरून घेतला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पट्टीच्या अलीकडं उभे राहून तांब्याभर पाणी आत ओतायचे, मेलेल्या गवतावर. मला अडवायचं सुचलं नाही. पाण्यानं कुणाचं काय बिघडत होतं? शिवाय त्या तांब्यानं त्यांना काम मिळालं. रात्री झोपायला लागले.

आणि हरळी फुटली. फुटणारच होती, म्हणून तर फवारणी दोनदा. पण बाबांना काय ठाऊक! त्यांनी पाणी घातलं होतं तिथंच नेमकी कोवळी पोपटी टोकं वर आली होती. इतक्या दिवसांनी त्यांनी मला हाक मारली, स्वच्छ आवाजात. "बाळ, इकडं ये. बघ, आली की नाही?" त्या रात्री भरपेट जेवले. आईची आठवण काढली. गेली ती, असं आपणहून म्हणाले. मी मोरीत जाऊन रडले, कारण दुसऱ्या फवारणीचा आदेश दुपारीच ॲपवर येऊन पडला होता.

सेक्रेटरींना विचारलं, आठवडाभर थांबता येईल का? ते म्हणाले, लाद्यांचा ट्रक निघालाय भाभीजी. कंपनीला फोन लावला, तर एका गोड आवाजाच्या मुलीनं माझी तक्रार नोंदवून घेतली आणि आभार मानले. हे म्हणाले, तूच बघ बाई, मी आता काही सल्ला देत नाही.

तर मी पाठीवर पंप चढवला, हिरवा टी-शर्ट, टोपी, तोंडाला मास्क, आणि लागले कामाला. अर्धी बाग झाली असेल. तेवढ्यात कामवाली घरात आली आणि दार, फाटक दोन्ही उघडीच राहिली. मला चाहूल लागली तेव्हा बाबा पट्टीला धरून उभे होते, फौजेतल्यासारखे ताठ.

"मॅडमजी, यहाँ का अफसर कौन है?"

आयुष्यात बाबा माझ्याशी हिंदीत कधी बोलले नव्हते. दुकानदार, शेजारी, रिक्षावाला, सगळ्यांशी हिंदी, पण घरातल्या माणसाशी मराठी, हा त्यांचा कायदा होता. मी मास्क खाली ओढला, टोपी काढली. म्हटलं, "बाबा, मी आहे." त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि बाईमाणूस म्हणून अदबीनं एक पाऊल मागं सरले. म्हणाले, "हमारी बेटी सरकारी नौकरी में है. हम उसको बताएंगे." आणि वळून रस्ता ओलांडायला लागले. मी पंप तिथंच टाकला आणि चार हात अंतर ठेवून मागं चालले, कारण जवळ गेले की ते भीतीनं भरभर चालायचे आणि रस्त्यावर गाड्या होत्या.

मी मागच्या दारानं आत गेले, हात धुतले, साडी नेसले आणि व्हरांड्यात आले. बाबा खुर्चीत बसले होते, रिकामी वाटी मांडीवर. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आलीस? बरं झालं बाई. बागेत एक बाई औषध मारतेय. मी सांगून आलोय तिला. तू जा आता, तुझं ऐकतील ते."

मी म्हटलं, उद्या जाते. तर म्हणाले, "उद्या उशीर होईल. आत्ता जा." उठले, कोपऱ्यातल्या माझ्या चपला आणल्या आणि वाकून माझ्या पायांपाशी ठेवल्या. माझ्या बापानं.

मी चपला घातल्या आणि गेले. पट्टी उचलून बागेत जाऊन उभी राहिले. पंपात अर्धं औषध शिल्लक होतं, हातातल्या फोनवर ॲप फोटो मागत होतं. व्हरांड्यातून बाबा हात हलवून खुणावत होते, बोल, बोल त्यांच्याशी. बागेत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.